देवाला वाहिलेली : पॅरिसची आणि जेजुरीची

१३ मार्च १९०५ रोजी पॅरिसच्या गीमे संग्रहालयात एक बाई नाचली. ग्रंथालयाचेच देऊळ केले होते, मागे शिवाची मूर्ती, समोर निमंत्रित प्रतिष्ठित मंडळी. तिने अंगावरची वस्त्रे एकेक करून उतरवली आणि या मंडळींनी त्याला धर्मविधी मानले. नाव माता हारी. मलायी भाषेत त्याचा अर्थ सूर्य. आपल्या ‘माते’शी त्याचे नाते नाही. ती सांगे, आई दक्षिण भारतातल्या देवळातली नर्तकी, बाळंतपणात गेली. पुजाऱ्यांनी मला वाढवले आणि देवाला वाहिले. प्रत्यक्षात ती हॉलंडमधल्या एका टोपीविक्याची मुलगी, मार्गारेटा झेले. डच लष्करी अधिकाऱ्याची बायको म्हणून काही वर्षे जावा-सुमात्रात राहिलेली.

मोडलेल्या संसारानंतर पोटासाठी नाचणाऱ्या या बाईवर माझा राग नाही. माझा प्रश्न टाळ्या वाजवणाऱ्यांना आहे. ‘देवाला वाहिलेली’ म्हटल्यावर त्यांना धूप, दागिने आणि गूढ अध्यात्मच का दिसावे? तिला कोणी वाहिले, कोणत्या घरातून, पुढे ती काय खाते, हे कोणीच का विचारू नये?

पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कला रूथ सेंट डेनिसने ‘राधा’ नाचून दाखवली. प्रेरणा सिगारेटच्या जाहिरातीतल्या इजिप्शियन देवीची, संगीत फ्रेंच ऑपेरातले. पुजारी म्हणून मागे बसवलेले पुरुष तेवढे खरे भारतीय! बाईंनी भारत पाहिला तो वीस वर्षांनी, १९२६ साली.

आणि त्याच काळात आपल्याकडे? दक्षिणेतली देवदासी आणि आपली मुरळी एकच नव्हेत, हे मला ठाऊक आहे. पण नवसापोटी खंडोबाला सोडलेल्या मुलींत महार-मांगांच्या लेकी पुष्कळ होत्या, आणि देवाच्या नावाने वाहिलेली मुलगी गावच्या बड्यांच्या वाट्याला जात होती. पुण्यात शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली ‘सोमवंशीय मित्र’ काढले आणि या चालीवर हत्यार उपसले. १९०९ साली त्यात शिवूबाई या मुरळीचे पत्र छापून आले. पॅरिसमध्ये कल्पित देवदासीच्या छायाचित्रांची पोस्टकार्डे विकली जात होती, त्याच सुमारास इथे खरी वाहिलेली बाई स्वतः बोलत होती. तिच्या बोलण्याला गिऱ्हाईक नव्हते.

मुंबई इलाख्यात देवदासीविरोधी कायदा झाला १९३४ साली. १९३६च्या जूनमध्ये परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेब बोलले, तेव्हा समोर मुरळ्या, जोगतिणी आणि देवदासी बसल्या होत्या. हा धंदा सोडा, असे त्यांनी स्पष्ट सांगितले.