संकेतार्थी वाक्यांची दुरुस्ती (इंग्रजी अध्यापन)

एक गोष्ट घडणे दुसरीवर अवलंबून आहे असे सांगणाऱ्या ‘इफ’च्या इंग्रजी वाक्यांत शिकणाऱ्यांच्या हातून होणाऱ्या चुका ओळखणे व सुधारणे, हा या नोंदीचा विषय. पाठ्यपुस्तके या वाक्यांचे शून्य, पहिला, दुसरा आणि तिसरा असे साचे पाडतात आणि शिक्षक साचा मोडला की लाल रेघ ओढतो. ही रीत अपुरी आहे. या वाक्यांतली चूक रूपात दिसत असली, तरी ती चूक आहे की नाही हे बोलणाऱ्याला काय म्हणायचे होते त्यावर ठरते. ‘इफ आय हॅड मनी, आय वुड बाय अ हाऊस’ हे वाक्य सुटे पाहिले तर निर्दोष आहे. पण गेल्या वर्षी हुकलेल्या घराबद्दल ते लिहिले असेल तर चुकीचे. त्यातला ‘हॅड’ रूपाने भूतकाळी असला, तरी दाखवतो ते वास्तवापासूनचे अंतर.

मराठी भाषकाची अडचण नेमकी इथेच आहे. ‘माझ्याकडे पैसे असते तर मी घर घेतले असते’ हे वाक्य आजच्या नसलेल्या पैशांबद्दलही चालते आणि दहा वर्षांपूर्वीच्या हुकलेल्या संधीबद्दलही. काळ संदर्भावरून कळतो. इंग्रजीला इथे दोन वेगळी रूपे लागतात. शिवाय ‘तो आला असता तर मी दिले असते’ यात ‘असणे’ची संकेतार्थी रूपे दोन्ही उपवाक्यांत येतात. त्यामुळे ‘इफ ही वुड हॅव कम, आय वुड हॅव गिव्हन’ असे लिहिणारा विद्यार्थी निष्काळजी नसून, बहुधा आपल्या भाषेतली सममिती इंग्रजीत नेत असतो. अर्थात सगळा दोष मातृभाषेच्या माथी मारता येत नाही: बोलीभाषेच्या ओघात अनेक अमेरिकनही ‘इफ आय वुड हॅव नोन’ म्हणतात. शिकणाऱ्याच्या चुका त्याच्या अंतर्गत नियमांचा पुरावा असतात, हे स्टीफन पिट कॉर्डर यांनी १९६७ मध्ये मांडले. त्या नियमांची वाढती व्यवस्था लॅरी सेलिंकर यांनी १९७२ मध्ये ‘इंटरलँग्वेज’ म्हणून ओळखली. पुरावा म्हणून चुकीकडे पाहिले की शिक्षकाचा पहिला प्रश्न ‘कोणता प्रकार?’ असा उरत नाही. ‘ते घडले का, घडू शकते का, आणि केव्हाची गोष्ट आहे?’ असा होतो.

साच्यांचा दुसरा तोटा असा की ते बरोबर वाक्यांनाही चूक ठरवतात. ‘इफ आय हॅड टेकन दॅट जॉब, आय वुड बी इन पुणे नाऊ’ यात अट भूतकाळातली, परिणाम आजचा. तिसरा प्रकार घोकलेला परीक्षक ते खोडेल. ‘इफ’नंतर ‘विल’ नको, हा नियमही तसाच: ‘इफ यू विल वेट हिअर’ अशा विनंतीत ‘विल’ तयारी दाखवते, भविष्यकाळ नव्हे.

यावर पहिला आक्षेप मुळावरच येतो. जॉन ट्रस्कॉट यांनी १९९६ मध्ये लेखनातील व्याकरणाची दुरुस्ती निरुपयोगी, किंबहुना अपायकारक असल्याचे प्रतिपादन केले. डाना फेरिस यांनी १९९९ मध्ये त्याला उत्तर देताना दुरुस्तीचे प्रकार वेगळे करून पाहण्याचा आग्रह धरला. तो इथे मान्य करावा लागतो. रॉय लिस्टर आणि लैला रांटा यांच्या १९९७ च्या, कॅनडातील फ्रेंच इमर्शन (इतर विषयही फ्रेंचमधून शिकवणाऱ्या) वर्गांवरील अभ्यासात शिक्षकांची निम्म्याहून अधिक दुरुस्ती विद्यार्थ्याचे वाक्य स्वतः शुद्ध करून म्हणण्याची होती, आणि विद्यार्थ्यांचा प्रतिसाद सर्वांत कमी त्याच पद्धतीला मिळाला. तत्काळ प्रतिसाद म्हणजे शिकणे नव्हे, हे खरे. तरी ‘वुड हॅव’च्या जागी ‘हॅड’ ठेवून दिल्याने विद्यार्थ्याचा कोणता समज चुकला ते त्याला कळत नाही. दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे: साठ मुलांच्या वर्गात प्रत्येकाचा हेतू विचारायला सवड कुठे? पण प्रत्येक वहीवर प्रत्येक चूक दुरुस्त करण्यालाही सवड लागतेच, आणि एकच वाक्य फळ्यावर लिहून त्याचे दोन हेतू वर्गाकडून काढून घेणे त्याहून स्वस्त पडते. परीक्षेत साचेच विचारले जातात, हा तिसरा आक्षेप तेवढ्यापुरता बरोबर आहे. साचे शिकवावेत, पण हेतू ठरल्यानंतर वापरायची सोय म्हणून.