सिग्नल हिल: वेग मोजला, थांबायचं राहिलं

मागच्या वर्षी मित्राचा लाँगबोर्ड घेऊन मी आमच्या सोसायटीच्या पार्किंगच्या उतारावर उभा राहिलो. खाली भिंत. बोर्ड सुटल्यावर तिसऱ्या सेकंदाला माझ्या डोक्यात आलं, अरे, थांबायचं कसं हे आपण विचारलंच नाही! उजवं मनगट सहा आठवडे प्लास्टरमध्ये, आणि मी डाव्या हाताने कोड लिहितोय. तेव्हापासून मला एकच प्रश्न पडला होता: उतारावरच्या स्केटबोर्डिंगमध्ये थांबायचं आधी कोणी शिकलं? त्याचं उत्तर शोधताना मी सिग्नल हिलला जाऊन पोहोचलो. म्हणजे, वाचता वाचता.

गोष्ट चाकापासून सुरू होते. १९६० च्या दशकात स्केटबोर्डला मातीच्या मिश्रणाची कडक चाकं असायची. छोटा खडा आला की चाक अडकणार आणि माणूस बोर्ड सोडून पुढे जाणार. १९७० मध्ये फ्रँक नॅसवर्दी या तरुणाला व्हर्जिनियातल्या एका प्लास्टिक कारखान्यात रोलर स्केटसाठी बनवलेली पॉलियुरेथेनची चाकं दिसली. त्याने ती स्केटबोर्डला लावून पाहिली आणि पुढे कॅलिफोर्नियात 'कॅडिलॅक व्हील्स' या नावाने विकली. ही चाकं रस्ता धरून ठेवायची, खड्यावरून सहज जायची. म्हणजे बघा, बोर्डचा वेग वाढवायला जे हवं होतं ते मिळालं. ब्रेक मात्र आधीही नव्हता आणि आताही नव्हता.

आता १९७५. लाँग बीच शहराने चहूबाजूंनी वेढलेलं सिग्नल हिल हे छोटं गाव. १९२१ मध्ये तिथे तेल सापडलं, आणि टेकडीभर विहिरींचे मनोरे उभे राहिले. याच टेकडीवर हिल स्ट्रीट नावाचा सरळ, तीव्र उताराचा रस्ता आहे. गिनीज विक्रमांवरच्या एका टीव्ही कार्यक्रमाला स्केटबोर्डचा विक्रम हवा होता, म्हणून जिम ओ'माहोनी यांनी इथे शर्यत भरवली. पहिल्या वर्षी गाय ग्रंडी जिंकला. वेग ताशी ५०.२ मैल, म्हणजे सुमारे ८१ किलोमीटर. आपल्याकडे हायवेला गाड्या जातात तो वेग, आणि हा माणूस एका फळीवर!

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. रस्ता सरळ, वळण नाही. त्यामुळे स्पर्धेत एकच गोष्ट मोजली जायची, वेग. आणि जे मोजतो तेच वाढतं, हे कुठल्याही ऑफिसात काम केलेल्या माणसाला सांगायला नको. एक-दोन वर्षांत लोक फायबरग्लासच्या बंद सांगाड्यात आडवे झोपून उतरायला लागले. चार चाकांवरचे बंदुकीचे बारच म्हणा ना.

११ जून १९७८ रोजी जॉन हटसनने उभ्याने ताशी ५३.४५ मैलांचा विक्रम केला. ८६ किलोमीटर. मी गणित करून पाहिलं. या वेगाने भिंतीला धडकणं म्हणजे साधारण २९ मीटरवरून, नऊ-दहा मजल्यांवरून, खाली पडणं. त्या वर्षीच्या शर्यतीत स्पर्धक जखमी झाले, कडेला उभे असलेले प्रेक्षकही झाले. त्यानंतर सिग्नल हिलची शर्यत पुन्हा झाली नाही. चार वर्षांत सगळा खेळ आटोपला.

मग हा खेळ मेला का? नाही. कारण त्याच कॅलिफोर्नियात, बर्कलीच्या टेकड्यांवर, क्लिफ कोलमन नावाचा माणूस वेगळ्याच गोष्टीच्या मागे होता. खाली बसायचं, हातमोजा घातलेला हात रस्त्याला टेकवायचा आणि बोर्ड आडवा फिरवायचा. चाकं घासत जातात, वेग उतरतो. याला आजही 'कोलमन स्लाइड' म्हणतात. गंमत बघा, ज्या पॉलियुरेथेनने वेग दिला, तेच आडवं घासलं की ब्रेकचं काम करतं. उत्तर चाकातच होतं, फक्त कोणीतरी ते शोधायला हवं होतं.

आजच्या डाउनहिल शर्यती वळणांच्या घाटरस्त्यांवर होतात. पूर्ण चेहऱ्याचं हेल्मेट, चामड्याचा सूट, तळहाताला प्लास्टिकची चकती लावलेले हातमोजे. वळणाआधी वेग कोण नेमका किती उतरवतो, यावर निकाल फिरतो. आणि वेग कमी झालाय असंही नाही. २०१७ मध्ये कॅनडात पीट कॉनॉलीने ताशी १४६.७३ किलोमीटर गाठले.

आमच्या टीममध्ये नवीन व्हर्जन लाइव्ह करायच्या आधी मॅनेजर एकच प्रश्न विचारते, "बिघडलं तर मागे कसं घेणार?" पूर्वी मला ती कटकट वाटायची. आता नाही वाटत.

आणि हो, मी परत बोर्डवर उभा राहिलो. त्याच उतारावर, पण अगदी खालच्या टोकाला, हातमोजे घालून. पहिले दोन रविवार फक्त थांबायची प्रॅक्टिस केली. भिंत अजून तिथेच आहे.

भेटू पुढच्या भागात.