मोकळ्या जागेचे व्याकरण

‘घरावर’ मधील ‘वर’ जोडून लिहायचे, ‘वर बघ’ मधील सुटे. पहिले शब्दयोगी, दुसरे क्रियाविशेषण. दोहोंतील भेद दाखविण्याचे काम येथे मोकळी जागा करते. संगणकाच्या एका भाषेत याच मोकळ्या जागेने पुढच्या विस्ताराची वाट कशी ठरवली, ते आम्ही येथे पाहणार आहोत.

आल्फ्रेड आहो, पीटर वाइनबर्गर आणि ब्रायन कर्निहॅन यांनी १९७७ साली बेल प्रयोगशाळेत ‘ऑक’ ही भाषा घडवली. नाव तिघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांचे. ही सर्व कामांची भाषा नव्हे. मजकुराच्या ओळी वाचाव्यात, हव्या त्या निवडाव्यात, त्यांतील रकाने उचलावेत, एवढ्यापुरती ती होती. प्रोग्रॅम एकदोन ओळींचेच असणार, या अपेक्षेमुळे लाघवाला महत्त्व आले. दोन शब्दखंड जोडण्यासाठी तिच्यात चिन्हच नाही; ते शेजारी लिहिले की जोडले जातात.

या लाघवाचे मोल १९८५ साली द्यावे लागले. त्या वर्षीच्या विस्तारात वापरणाऱ्याला स्वतःची फंक्शने रचण्याची मुभा मिळाली. फंक्शन वापरायचे तर आधी नाव आणि मग कंस, ही रूढ रीत. परंतु नाव, मोकळी जागा आणि कंस या रचनेला ऑकमध्ये अर्थ आधीच होता: नावाचे मूल्य आणि कंसातील मूल्य यांची जोडणी. जुने प्रोग्रॅम मोडायचे नसतील तर हा अर्थ काढून घेता येत नव्हता. म्हणून नियम झाला की, स्वतः रचलेल्या फंक्शनचे नाव आणि कंस यांमध्ये जागा सोडू नये. भाषेतील मूळच्या फंक्शनांना हे बंधन नाही; त्यांची नावे राखीव असल्याने तेथे संदेह उद्भवत नाही.

‘पेक्षा मोठे’ या चिन्हाचेही तसेच. छपाईच्या आज्ञेत ते उत्तर कोणत्या फाइलीत जावे हे सांगते. तेथे तुलना करायची तर कंस हवेत. ते विसरून ‘५ पेक्षा मोठे’ असे लिहिले, तर चूक दाखवली जात नाही. ‘५’ नावाची फाइल निमूटपणे तयार होते.

तिघा कर्त्यांनी ऑकवरील आपल्या १९८८ च्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती २०२३ साली काढली. फंक्शनच्या कंसाचा तो नियम आजही टिकून आहे. वर्गात आपण असे नियम ‘अपवाद’ म्हणून पाठ करून घेतो. आम्हाला वाटते, अपवाद हा बहुधा आधीच्या एखाद्या निर्णयाचा अवशेष असतो. तो निर्णय सांगितला, तर पाठांतराची गरज उरत नाही.