शेवटचे तीन चित्ते

रायपूरच्या पुरानी बस्तीतून आज बोलायचं आहे ते आपल्या छत्तीसगडमध्ये संपलेल्या एका जनावराबद्दल.

इथून उत्तरेला कोरिया संस्थान होतं. १९४७ साली तिथले महाराजा रामानुज प्रताप सिंह देव यांनी रात्री गाडीच्या दिव्यांच्या उजेडात तीन चित्ते मारले. तिन्ही नर. ही हकीकत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापून आली, तीही संपादकांच्या कडक निषेधासह. भारतातल्या चित्त्याची हीच शेवटची पक्की नोंद मानतात. १९५२ मध्ये तो नामशेष झाल्याचं सरकारने जाहीर केलं.

महाराजांना दोष देऊन आपण मोकळे होतो. पण फौजेतला माणूस जाणतो, शेवटचं ठाणं पडण्याच्या फार आधी रसद तुटलेली असते. चित्त्याची रसद तीन ठिकाणी तुटली.

पहिली, हौस. काळविटाच्या शिकारीसाठी चित्ते पकडून माणसाळवत. अकबराच्या पदरी हजार चित्ते होते म्हणतात. पण बंदिवासात चित्ता सहसा वीत नाही. जहांगीरच्या काळात एकदा पिल्लं झाली, त्याचंही नवल वाटलं. म्हणजे प्रत्येक नवा चित्ता रानातूनच उचलायचा. शेवटी देशी चित्ते मिळेनात, तेव्हा आपल्या कोल्हापूर दरबारानेसुद्धा ते आफ्रिकेतून मागवले. तिथले चित्तेवान त्यांना शिकारीसाठी तयार करत.

दुसरी, इनाम. इंग्रज सरकारने चित्त्याला उपद्रवी ठरवून त्याला मारणाऱ्याला बक्षीस दिलं. खरं तर हे जनावर माणसाच्या वाटेला फारसं जात नाही.

तिसरी, माळरान. नांगर फिरला, काळवीट आणि चिंकारे घटले. चित्त्याला पळायला जागा उरली नाही आणि पोटाला शिकारही.

सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियाहून आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोत आणले. चित्ता विमानाने आणता येतो, माळ आणता येत नाही. आजही गवताळ जमीन कागदोपत्री ‘पडीक’ असते, आणि पडीक म्हटलं की कुणीही घ्यावी. सोलापूरजवळ नान्नजचा माळढोक याच माळावर जगत आला आणि आता दिसेनासा होत चालला आहे.

तुमच्या गावाशेजारी असा माळ असेल, तर तिथे काय काय दिसतं ते जरूर लिहून कळवा. जय हिंद.