संग्राहकाचा हेतू आणि वस्तूचे नाव

ऑस्ट्रेलियातील आदिवासींच्या वस्तू युरोपीय संग्रहालयांत कोणत्या मार्गाने गेल्या, याचा शोध पुष्कळ झाला आहे. त्या कोणत्या हेतूने नेल्या गेल्या, हा प्रश्न मात्र अधिक मूलगामी होय. कारण संग्राहकाचा हेतूच वस्तूचा अर्थ ठरवीत आला आहे.

एप्रिल १७७० मध्ये कॅप्टन जेम्स कुकची तुकडी बॉटनी बे येथे उतरली. किनाऱ्यावरील ग्वीगल लोकांनी विरोध करताच बंदुका झाडण्यात आल्या आणि झोपड्यांच्या आसपास सापडलेले चाळीस-पन्नास भाले उचलण्यात आले. टोकांस विष असावे, अशी शंका होती. परंतु भाल्यांत अडकलेल्या सागरी शेवाळावरून ते बहुतांशी मासेमारीचे असल्याचे जोसेफ बँक्सनेच नोंदविले. शंका फिटली, तरी भाले परत झाले नाहीत. सावधगिरीने हस्तगत झालेली वस्तू सफरीचे स्मृतिचिन्ह ठरली. त्यांतील चार भाले १७७१ मध्ये केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात पोहोचले.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या संग्रहाला शास्त्राचे अधिष्ठान लाभले. प्राध्यापक बाल्डविन स्पेन्सर आणि ॲलिस स्प्रिंग्ज येथील तारकचेरीचा प्रमुख फ्रँक गिलन यांनी १८९९ मध्ये मध्य ऑस्ट्रेलियातील जमातींवर ग्रंथ प्रसिद्ध केला. हे समाज उत्क्रांतीच्या आरंभीच्या पायरीवर असून लवकरच नष्ट होतील, ही त्या काळची समजूत. म्हणून ‘वाचविण्या’साठी वस्तू हलविणे समर्थनीय वाटे. अरंडा लोकांचा ‘चुरिंगा’ हा शब्द अभ्यासकांत रूढ झाला, तो मुख्यतः लाकडाच्या किंवा दगडाच्या पवित्र वस्तूचे नाव म्हणून.

अरंडा भाषा बालपणापासून बोलणाऱ्या टी. जी. एच. स्ट्रेलो याने १९४७ मध्ये दाखवून दिले की, या एकाच शब्दात विधी, भूमीवरील चित्रे आणि पवित्र गीतेही सामावतात. म्हणजे पेटीत बंद होऊन गेला तो शब्दाच्या अर्थाचा केवळ एक अंश. गीत गाणारा आणि ते ज्या भूमीचे आहे ती भूमी मागेच राहिली. स्वतः स्ट्रेलोनेही अशा वस्तूंचा मोठा संग्रह केला, हे येथे विसरता येत नाही. भाषेचे सखोल ज्ञानही संग्राहकवृत्तीपासून अभ्यासकास मुक्त करीलच असे नाही.

एप्रिल २०२४ मध्ये ते चार भाले ला पेरूज येथील आदिवासी समाजाच्या कायम स्वामित्वात परत देण्यात आले. अडीच शतके प्रवासाचा पुरावा मानली गेलेली वस्तू त्यामुळे पुन्हा तिच्या कर्त्यांच्या वंशजांची झाली.