जायबंदी परिचारिकेची जागा कोणी राखायची?

आजचा धागा रुग्णालयातील परिचारिकांविषयी आहे. पण त्याची सुरुवात एका कापड गिरणीपासून करावी लागेल. कामावर असताना जायबंदी झालेल्या माणसाचे पुढे काय करायचे, या प्रश्नाला नागपूरने फार लवकर हात घातला होता. त्या प्रश्नाचा एक अर्धा भाग मात्र तेव्हा तसाच राहिला, आणि परिचारिकांच्या वाट्याला नेमका तोच अर्धा भाग आला.

जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित झाली, म्हणून गिरणीचे नाव तसे. या गिरणीने १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी उभारला आणि १८९५ मध्ये अपघातग्रस्त कामगारांना भरपाई देण्यास आरंभ केला. जर्मनीत बिस्मार्कने अपघात विम्याचा कायदा १८८४ मध्येच केला होता. इंग्लंडचा कामगार भरपाई कायदा मात्र १८९७ चा. म्हणजे खुद्द राज्यकर्त्यांच्या देशात कायदा होण्याच्या दोन वर्षे आधी नागपूरच्या एका गिरणीत ही सोय होती. अभिमान वाटत असेल तर अवश्य वाटू द्यावा. फक्त दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात: ती मालकाने दिलेली सोय होती, कामगाराचा कायदेशीर हक्क नव्हता, आणि भरपाई म्हणजे पैसा, नोकरी ही निराळी गोष्ट.

हक्क आला तो १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने. १ जुलै १९२४ पासून तो अमलात आला. इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्याचे पहिले परिशिष्ट एकदा तरी वाचावे. मनुष्यदेहाचे इतके कोरडे वर्णन क्वचितच सापडेल. उजवा हात कोपरापासून गेला तर कमाईच्या शक्तीतील घट ७० टक्के, डावा गेला तर ६० टक्के. अंगठा २५ टक्के. तर्जनी १० टक्के. पट्ट्यात सापडलेला हात, चात्यात अडकलेले बोट डोळ्यांपुढे ठेवूनच ही यादी केलेली दिसते. यादीत नसलेल्या इजेसाठी प्रत्यक्ष घट किती, ते ठरवावे लागे. आणि हा कायदा ज्या धंद्यांना लागू होता, त्यांत आरंभी रेल्वे, कारखाने, खाणी, गोद्या, जहाजे, बांधकामे होती. रुग्णशुश्रूषा नव्हती.

याचे कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. परिचारिकेचे काम म्हणजे सेवा, आणि सेवेत अपघात कसला, अशी ती धारणा. वस्तुस्थिती अशी की रुग्णाला कुशीवर वळवणे, खाटेवरून स्ट्रेचरवर घेणे, पडताना सावरणे ही सगळी ओझे उचलण्याचीच कामे आहेत. कळमन्याच्या बाजारात पोत्याखाली वाकलेली हमालाची पाठ सर्वांना दिसते. त्याच्यासाठी महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदाही केला. वॉर्डात वाकलेली पाठ सहसा कोणाच्या नजरेस येत नाही. शिवाय पोते एकाएकी हात झटकत नाही. घाबरलेला रुग्ण झटकतो. बोट तुटले की ते दिसते आणि त्याची टक्केवारी लावता येते. मणका आणि खांदा बाहेरून शाबूतच दिसतात.

यानंतरचा टप्पा १९४८ चा, कर्मचारी राज्य विमा कायद्याचा. १९५२ मध्ये कानपूर आणि दिल्लीत ही योजना सुरू झाली आणि १९५४ मध्ये, तेव्हाच्या मध्य प्रदेशाची राजधानी असलेल्या नागपुरात आली. या कायद्याचे कलम ७३ मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ कामगार घेत असेल, त्या काळात मालकाने त्याला कामावरून काढू नये, की शिक्षा करू नये. भरपाईच्या पुढे जाऊन जागेला हात लावू नका, असे सांगणारे हे कलम आहे. संरक्षण लाभाच्या मुदतीपुरतेच होते, तरीही ते मोठे पाऊल होते. आरंभी हा कायदा होता यंत्रशक्तीवर चालणाऱ्या, वीस किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांसाठी. जायबंदी गिरणी कामगार बरा होईतो त्याची जागा सुरक्षित झाली. पण त्याला बरे करणारी परिचारिका या कलमाच्या बाहेरच होती. पुढे वेगवेगळ्या राज्यांत अधिसूचना निघत खासगी रुग्णालये योजनेच्या कक्षेत येत गेली, तीही ठरावीक पगाराच्या मर्यादेपर्यंत.

सरकारी रुग्णालयातील परिचारिकेचा मार्ग वेगळा होता, तो सेवानियमांतून जाई. महाराष्ट्राच्या १९८१ च्या रजा नियमांत ‘विशेष विकलांगता रजा’ आहे: कर्तव्य बजावताना इजा झाल्यास एका विकलांगतेसाठी कमाल २४ महिने. रजेवरून परतताना मात्र वैद्यकीय प्रमाणपत्र लागते, आणि ते सांगते की माणूस कामास योग्य आहे किंवा नाही. अर्धा योग्य असे काही नसते. माझ्या शेजारी, इथेच कळमन्यात, एका खासगी रुग्णालयातील सिस्टर राहतात. खांदा दुखावल्यामुळे तीन महिने घरी होत्या. परतण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी एवढेच विचारले की काही आठवडे रुग्ण उचलण्याचे काम नको, बाह्यरुग्ण विभागात बसवा. उत्तर मिळाले, “पूर्ण बरे व्हा, मग या.” घरात बसून पगारावाचून पूर्ण बरे कसे व्हायचे, ते कोणी सांगितले नाही. हलके काम मिळणे हा आजही बहुतेक ठिकाणी मेट्रनच्या मर्जीचा विषय आहे.

आता ज्या परिचारिकेला परत येणे शक्यच झाले नाही, तिच्याकडे वळतो. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग पाळी संपवून कपडे बदलण्यासाठी तळघरात गेल्या असता रुग्णालयाच्याच एका सफाई कर्मचाऱ्याने त्यांच्यावर हल्ला केला. गळा आवळला गेल्याने मेंदूला प्राणवायू मिळाला नाही, आणि त्या पुन्हा कधीच पूर्ण शुद्धीवर आल्या नाहीत. आरोपीला खुनाचा प्रयत्न आणि चोरी यांबद्दल सात वर्षांची शिक्षा झाली. हल्ल्यानंतर मुंबईच्या परिचारिका संपावर गेल्या. मागण्या अरुणाताईंच्या देखभालीच्या होत्या, तशाच स्वतःच्या कामाच्या परिस्थितीच्याही. हा दुसरा भाग आपण विसरतो. अरुणाताईंची कथा सांगताना बहुतेक जण करुणेपाशी थांबतात.

ऐंशीच्या दशकात खाट मोकळी करण्यासाठी त्यांना केईएममधून हलवण्याचा प्रयत्न महापालिकेने दोनदा केला. दोन्ही वेळा परिचारिकांनी विरोध केला आणि तो बेत सोडावा लागला. १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत, साडेएकेचाळीस वर्षे, त्या तिथेच होत्या. ज्यांनी त्यांना कधी हिंडता-फिरताना पाहिले नव्हते, अशा परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली. दयामरणाच्या अर्जावर ७ मार्च २०११ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार अर्जदार लेखिका पिंकी विराणी यांचा न मानता केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला. हा निकाल दयामरणाच्या चर्चेत नेहमी येतो. श्रमाच्या इतिहासातही त्याला जागा असली पाहिजे, असे माझे मत आहे. संस्थेला खाट हवी होती. सहकारी म्हणाल्या, ही आमच्यातली आहे. त्या क्षणी त्यांच्या पाठीशी कोणते कलम होते? संघटित नकार, एवढेच.

कायद्याने या नकाराच्या जवळपास जाणारे काही म्हटले ते १९९५ मध्ये. अपंग व्यक्तींच्या कायद्याचे कलम ४७ सांगते की सेवेत असताना अपंगत्व आलेल्याला काढू नये. जुने काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे द्यावे. तसे पदही नसेल तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य पदावर ठेवावे. २००३ च्या कुणाल सिंग खटल्यात पाय गमावलेल्या एका जवानाला सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाचा आधार दिला. २०१६ च्या नव्या कायद्यात ही तरतूद कलम २०(४) म्हणून आली.

एम्प्रेस मिलच्या १८९५ पासून मोजले तर भरपाई ते जागा हे अंतर कापायला बरोबर शंभर वर्षे लागली. तेही अर्धेच, कारण ही तरतूद फक्त सरकारी आस्थापनांना बांधते. मेयो किंवा मेडिकलमधील परिचारिका तिचा आधार घेऊ शकते. माझ्या शेजारच्या सिस्टरना तो नाही. आणि त्यांचा खांदा तर कागदोपत्री अपंगत्वाच्या व्याख्येतही बसत नाही. गेल्या आठवड्यापासून त्या पाळीवर जात आहेत, रुग्ण डाव्या हाताने सावरत.

माथाडी कायदा आणि कळमन्याचा बाजार यांवर स्वतंत्र धागा पुढच्या रविवारी.