‘आमचे बंदर’ : एक तळटीप

१. विष्णुपुरीस मूळ लेखकाने ‘आमचे बंदर’ म्हटले आहे, ते अक्षरशः घेऊ नये. नांदेडलगतच्या या गोदाकाठच्या मौजास ना समुद्र, ना गलबत, ना जकातीचे नाके, आणि येथले पाणी बंगालच्या उपसागरास मिळावयाचे तर त्यास तेलंगण व आंध्र हे दोन्ही प्रांत ओलांडावे लागतात. तथापि नदीस बंधारा घालून शंकरसागर जलाशय सिद्ध झाल्यापासून, काळेश्वराच्या हेमाडपंती देवळापाशी उभे राहून पैलतीर न्याहाळणाऱ्यास ही अतिशयोक्ती क्षम्य वाटेल. काठाच्या दगडांवर भोयांची जाळी वाळत पडलेली, तळाशी रोहू-कटल्याचे खवले चिकटलेले, आणि त्याच वाटेने श्रावणी सोमवारी बेलाची पाने घेऊन निघालेल्या बायाबापड्या जाळ्यावर पाय पडू नये म्हणून लुगड्याचा ओचा सावरीत जाणाऱ्या, हे दृश्य कोणत्याही कोकणी खाडीस शोभले असते. हेच पाणी उपसून लोहा-कंधारकडील उंच शिवारास नेले जाते. १९८१ चे अभियांत्रिकी महाविद्यालय व १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्थापन झालेले विद्यापीठ यांमुळे वस्तीत विद्यार्थ्यांची वर्दळ वाढली. लेखकास ती फारशी रुचलेली दिसत नाही, आणि त्याचा हा रुसवा आम्हांस तरी अनाठायी वाटतो. वरच्या अंगाने पूर्णेचा लोंढा आला की धरणाचे दरवाजे किती उघडले, याची पृच्छा नांदेडकर आजही बाजारभावाच्या आधी करतात.